आबांची बीट

(या भागाचं हे लिखित रूप. अडखळलो ते थोडं नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आज पाहुणा कुणी नाही. गेल्या दोन भागांत मेसेज आले होते, की तुम्ही सगळ्यांना बोलतं करता, स्वतःबद्दल काही सांगत नाही. तर आज सांगतो. पण माझ्याबद्दल कमी आणि आमच्या आबांबद्दल जास्त.

आबा म्हणजे माझे आजोबा. गाव माकुणसार. पालघर तालुक्यात, सफाळे आणि केळवे रोड या दोन स्टेशनांच्या पट्ट्यातलं. विरारच्या पुढे डहाणू लोकलने गेलात तर वैतरणा येतं, मग सफाळे, मग केळवे रोड, मग पालघर. तुमच्यातले बरेच जण केळव्याच्या बीचला जाताना या रुळांवरून गेले असणार. आबा त्याच रुळांवर अडतीस वर्षं चालले. गाडीत बसून नाही, पायी.

ते पश्चिम रेल्वेत आधी गँगमन होते, नंतर कीमन झाले. १९६८ ला लागले, २००६ ला रिटायर झाले. गेल्या वर्षी जुलैमध्ये गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

आता कीमन म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण मलाही पंचविशीपर्यंत धड माहीत नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर मी 'आजोबा रेल्वेत होते' एवढंच सांगायचो. समोरच्याला वाटायचं टीसी असतील. मीही ते तसंच वाटू द्यायचो. [हसतो] खरंच सांगतोय.

तर रुळाची जबाबदारी तुकड्या-तुकड्यांनी वाटलेली असते. एक गँग, तिच्याकडे साधारण सहा किलोमीटरचा रूळ. गँगचा मुकादम असतो, त्याला मेट म्हणतात. आणि एक कीमन. कीमनने रोज सकाळी आपली बीट चालायची. जाताना एका रुळाकडे बघत जायचं, येताना दुसऱ्या रुळाकडे बघत यायचं. चावी सैल झालीय का, बोल्ट ढिला झालाय का, फिशप्लेटला तडा गेलाय का, कुठे खडी खचलीय का. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, आणि डब्यात फटाके. फटाके म्हणजे डिटोनेटर. पुढे रूळ तुटलेला असेल तर सहाशे मीटरवर एक लावायचा आणि बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. इंजिन त्यावरून गेलं की धडाधड आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं, की थांबायचंय.

मी बीटेक केलंय, पण उन्हाळ्यात रूळ का वाकतो हे मला कॉलेजने नाही, आबांनी सांगितलं. त्यांच्या शब्दांत, 'लोखंड तापलं की अंग ताणतं, त्याला जागा नाही मिळाली की ते वाकडं होतं.' मी नंतर हिशेब केला. एक किलोमीटर मोकळा रूळ तापमान एका अंशाने वाढलं की साधारण साडेअकरा मिलिमीटर लांबतो. पहाटेपासून दुपारपर्यंत रुळाचं तापमान तीस अंशांनी चढलं, तर ही वाढ फूटभराहून जास्त होते. पण हल्लीचे रूळ लांबच लांब जोडलेले, त्यांना ताणायला जागाच नाही. मग त्यांना जागेवर धरतं कोण? स्लीपर, त्यांच्या क्लिपा आणि भोवतीची खडी. ती खडी नीट ठेचलेली आहे ना, क्लिपा जागेवर आहेत ना, हे बघणारा माणूस म्हणजे आमचे आबा.

मी एका कंपनीत सर्व्हर चालू ठेवायचं काम करतो. महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल असतो, रात्री फोन वाजला की उठायचं. एकदा गावी असताना रात्री तीनला फोन वाजला. मी लॅपटॉप उघडून बसलो. आबा उठून आले, म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, 'काही नाही, सिस्टिम बंद पडली होती, झाली चालू.' त्यांनी विचारलं, 'लोकांना कळलं?' म्हटलं, 'नाही.' म्हणाले, 'मग ठीक काम केलंस.' आणि झोपायला गेले. माझ्या मॅनेजरनेही मला कधी इतका चांगला फीडबॅक दिलेला नाही.

तुम्हाला १७ एप्रिल २०२१ चा वांगणी स्टेशनचा व्हिडिओ आठवतोय? आई दृष्टिहीन, तिचं लहान मूल प्लॅटफॉर्मवरून खाली पडतं, समोरून एक्सप्रेस येते, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावत येऊन त्याला वर ढकलतात. तो व्हिडिओ आम्ही घरी बघितला. बक्षिसाचे अर्धे पैसे त्यांनी त्या मायलेकराला देऊ केले, ही बातमी मीच आबांना वाचून दाखवली. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'कॅमेरा होता म्हणून बरं झालं. पोराच्या घरच्यांना कळलं तरी कुणी वाचवलं.'

मी विचारलं, 'तुम्ही कधी वाचवलंत कुणाला?' म्हणाले, 'काय माहीत.'

आजी आतून म्हणाली, 'सांग ना, सांग त्याला.' त्यांनी नाही सांगितलं. मग आजीनेच सांगितलं. कीमन व्हायच्या आधीची गोष्ट. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. दोन गस्तवाले दोन बाजूंनी निघतात, मध्ये भेटतात, वहीवर सह्या होतात, मग परत फिरतात. एका रात्री एका मोरीजवळ पाण्याने खडी वाहून गेलेली आबांना दिसली. स्लीपर अधांतरी. गाडीची वेळ झालेली. कंदील घेऊन ते पावसात उलट धावले, फटाके लावले, गाडी थांबली. काम झाल्यावर ती हळूहळू पुढे गेली. पॅसेंजर झोपलेलेच असतील. आबा सकाळी घरी आले, आजीला म्हणाले, 'लेंगा चिखलाने भरलाय, भिजत घाल.' बस. आजीला ही गोष्ट आठ दिवसांनी दुसऱ्या गँगमनच्या बायकोकडून कळली.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण आज मी जे सांगायला बसलोय ते वेगळं आहे, आणि ते सांगताना मला थोडं जड जातंय.

आबांच्या तेराव्याला आमच्या घरात भांडण झालं.

लोक जेवून गेले होते. जवळचे नातेवाईक ओट्यावर बसलेले. कुणीतरी म्हणालं, 'असा घरासाठी झिजलेला माणूस होणार नाही.' आणि माझे बाबा एकदम म्हणाले, 'घरासाठी? दिवाळीला कधी घरी होते? माझ्या शाळेत एकदा तरी आले? आणि मेट व्हायची संधी आली होती तीसुद्धा नाकारली. तेव्हा हो म्हटलं असतं तर क्वार्टर मिळालं असतं, मी डिप्लोमा केला असता.'

सगळे गप्प. बाबा आयुष्यभर तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करत आले. चौपन्न वर्षांचा माणूस, डोकं भादरलेलं, आणि बापाच्या तेराव्याला हे बोलतोय. मला त्यांचा राग आला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे खोटंही नाही.

आता यासाठी मागे जावं लागेल.

८ मे १९७४. देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. मागण्या साध्या होत्या: कामाचे तास आठ करा, बोनस द्या, पगार वाढवा. साधारण सतरा लाख कामगार संपावर गेले. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, काही ठिकाणी बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढलं गेलं. वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. मागणी एकही पदरात पडली नाही.

आबा संपात होते. वय अठ्ठावीस. मी आज अठ्ठावीसचा आहे, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. घरी बायको, चार वर्षांचा मुलगा म्हणजे माझे बाबा, आणि एक वर्षाची मुलगी, माझी आत्या. अटक चुकवायला ते काही रात्री खाजणात काढत होते. पकडले गेले नाहीत, पण नोकरी गेली.

पुढची तीन वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरी केली. पानवेली बांधल्या, मिरचीची रोपं लावली, भाजीच्या पाट्या स्टेशनवर वाहिल्या. त्याच केळवे रोडच्या स्टेशनवर. जिथे रुळाची जबाबदारी त्यांची होती, तिथे ते पाटी घेऊन गाडीची वाट बघत उभे राहायचे.

१९७६ च्या पावसाळ्यात आत्याला ताप आला. तीन वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. नोकरी असती तर रेल्वेचा दवाखाना होता, मुंबई सेंट्रलजवळ रेल्वेचं मोठं हॉस्पिटल होतं, पास होता. त्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. उपचाराला उशीर झाला. लवकर गेले असते तर काही वेगळं झालं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही. आत्या वाचली. पण तिचं बोलणं चार-सहा शब्दांवर थांबलं, उजवा हात लुळा पडला, आणि मनाने ती तिथेच राहिली. आज ती बावन्न वर्षांची आहे आणि तिची वेणी अजून आजी घालते.

मार्च १९७७ मध्ये सरकार बदललं. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी परत कामावर घेतलं. तुम्ही रेल्वेने स्लीपरने झोपून जाता ना, ती बर्थ मऊ आहे तीही त्यांच्यामुळे. त्याआधी दुसऱ्या वर्गात नुसती लाकडी फळी असायची. आबांना मात्र फोमचं काही नव्हतं. त्यांना नोकरी परत मिळाली होती. आमच्या देव्हाऱ्याच्या बाजूला दंडवतेंचा पेपरातून कापलेला फोटो होता, मी लहानपणी त्यांना कुणीतरी नातेवाईक समजायचो. [हसतो]

नोकरी परत आली, पण आत्याचं जे झालं ते झालं. त्या दिवसापासून आबांचं वेळापत्रक ठरलं. पहाटे उठून आत्याला स्वतः आंघोळ घालायची, तिला भरवायचं, मग सायकल काढून कामावर. ती मोठी झाल्यावर आंघोळीचं आजीकडे गेलं, भरवायचं आबांकडेच राहिलं. दुपारी आजी तिला घेऊन रुळापर्यंत भाकरी द्यायला जायची. आबा लांबून दिसले की गुंडाळलेली हिरवी झेंडी वर करायचे. आत्या तेवढ्यासाठी चालायची.

१९८९ मध्ये त्यांना मेट म्हणून बढती मिळत होती. पण डहाणूच्या पुढच्या सेक्शनला. त्यांनी लेखी नकार दिला. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांना कुणी नीट कारण सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नव्हती.

म्हणजे बघा, एकाच निर्णयात एका पोरीचा बाप होता आणि एका पोराचा बाप नव्हता. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. मला कुणाला चूक ठरवता येत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आजीने आबांची लोखंडी पेटी उघडायला सांगितली. पेन्शनसाठी कागद लागणार होते. मी आणि बाबा बसलो. पेटीत काय होतं? पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ कागद. जुने पास. १९८९ च्या नकारपत्राची कार्बन कॉपी. आत्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, तिचं आधार, तिचे पासपोर्ट साइज फोटो, प्रत्येकामागे तारीख. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत अर्जांच्या झेरॉक्स.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसेल, मलाही नव्हतं. रेल्वेच्या पेन्शनरच्या मागे नवरा किंवा बायकोला फॅमिली पेन्शन मिळते. त्यानंतर मुलांना साधारणपणे पंचवीस वर्षांपर्यंतच. पण मूल अपंग असेल आणि स्वतः कमावू शकत नसेल, तर त्याला ती आयुष्यभर मिळते. त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, आणि पेन्शनर जिवंत असतानाच हे नाव पीपीओवर चढवून घेता येतं. नाही घेतलं तर मागाहून घरच्यांना वर्षानुवर्षं फेऱ्या माराव्या लागतात. आबांनी ते चढवून घेतलं होतं. गुडघे गेलेला माणूस, आत्याला हाताला धरून, लोकलने, किती वेळा गेला असेल. आम्हाला घरी सांगायचे, 'हिला जरा गाडी दाखवून आणतो.'

शेवटचा कागद पालकाचा होता. मूल मनाने लहान असेल तर पेन्शन पालकामार्फत मिळते, आणि तो पालक कोण हे पेन्शनरला आधीच लिहून देता येतं. बाबांनी तो कागद वाचला आणि माझ्याकडे दिला.

त्यावर माझं नाव होतं. खाली माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स.

मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी आबांचा फोन आला होता, 'तुझं आधार पाठव रे जरा.' मी मीटिंगमध्ये होतो. फोटो व्हॉट्सॲप केला. कशाला, हेसुद्धा विचारलं नाही.

[थोडा वेळ शांत]

बाबा म्हणाले, 'माझं का नाही लिहिलं?' आजी म्हणाली, 'तू चौपन्नचा, ती एक्कावन्नची. तुझ्यानंतर कोण, असं म्हणत होते ते.' बाबा उठून मागच्या दारी गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा त्यांच्या हातात आत्याचं ताट होतं. त्या दिवशी आत्याला त्यांनी भरवलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

आता माझं खरं सांगतो. मला पहिल्यांदा भरून-बिरून आलं नाही. मला राग आला. कंपनीकडून दोन वर्षांसाठी बाहेर जायचं ठरत होतं, व्हिसाचे कागद जमवत होतो. आणि या माणसाने मला न विचारता माझ्या नावावर एक आख्खं माणूस लिहून ठेवलं होतं. मी रात्रभर ओट्यावर बसलो. मालगाड्यांचे आवाज येत होते. पहाटे वाटलं, आबांनी मला विचारलं नाही हे खरं, पण त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. १९७६ मध्ये त्यांच्यासमोर कुणी फॉर्म ठेवला नव्हता.

मी बाहेर गेलो नाही. यात मोठं काही नाही, पुढेही जाऊ शकतो, आजी आहे, आई-बाबा आहेत. पण मला आत्याला ओळखतच नव्हतो हे कळलं. तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, औषध कशात मिसळून द्यायचं, ती रडते तेव्हा पोट दुखतंय की भीती वाटतेय, हे काही मला येत नव्हतं. सही करायचा अधिकार होता आणि माहिती शून्य. म्हणून आता महिन्यातले दहा दिवस मी माकुणसारहून काम करतो. नेट जातं, शिव्या खातो, पण करतो.

एक शेवटची गोष्ट. गेल्या रविवारी आत्याला घेऊन केळवे रोडला गेलो. आबा न्यायचे तसं. तिकडे आता विरार-डहाणू चौपदरीकरणाचं काम चाललंय, सगळीकडे माती, खडीचे ढीग. नारिंगी जॅकेट घातलेला एक ट्रॅकमन रुळाच्या कडेने खाली बघत चालला होता, साधारण माझ्याच वयाचा. २२ जानेवारी २०२४ ला वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलचं काम करताना रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली गेले. म्हणजे हे काम अजून तितकंच अवघड आहे. आपण फक्त 'सिग्नल नाही मिळाला वाटतं' म्हणून वैतागतो.

आत्याने त्याला बघितलं आणि डावा हात वर केला. तो पोरगा आधी गोंधळला. मग त्याने हातातली गुंडाळलेली झेंडी थोडीशी वर केली आणि पुढे गेला.

आत्या घरी येईपर्यंत एकच शब्द बोलत होती. 'बाबा आले.' मी तिला काही समजावून सांगितलं नाही.

तर मंडळी, आजचा भाग इथेच थांबवतो. दोन कामं सांगतो. घरात कुणी रेल्वेचे किंवा केंद्र सरकारचे पेन्शनर असतील आणि घरात अपंग मुलगा-मुलगी असेल, तर ते हयात आहेत तोवर पीपीओवर नाव चढलंय का ते बघा. या रविवारीच बघा. आणि दुसरं, घरातलं म्हातारं माणूस आधार कार्ड मागेल, तेव्हा पाठवा, पण 'कशाला?' असं एकदा विचारा. मीटिंग पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तरी चालते.

भेटू पुढच्या भागात. रूळ ओलांडू नका, पूल वापरा. आबांच्या बीटवर असतात तर त्यांनी तुम्हाला हेच सांगितलं असतं, आणि जरा मोठ्या आवाजात.